डेकवरचा कोरा थर्मामीटर

मी स्क्रीन बनवणारी इंजिनियर, त्यामुळे बाबा पुण्याहून इकडे परदेशात, माझ्याकडे ईडन प्रेरीला आले तेव्हा घरामागच्या लाकडी डेकवर डिजिटल थर्मामीटर मीच लावला. रोज पर्वती चढणारा माणूस, इथल्या बर्फातही फिरणं सोडेना. म्हटलं, निदान आकडा बघून बाहेर पडा.

जानेवारीत एका सकाळी बाबा म्हणाले, "अगं, याच्यावर काहीच दिसत नाहीये."

मी ऐटीत समजावलं, "आत लिक्विड क्रिस्टल असतात, बाबा. फार गारठले की घट्ट होतात, हलत नाहीत, म्हणून आकडा उमटत नाही. बिघडलेला नाही तो."

"म्हणजे थंडी मोजायचं यंत्र थंडीतच चालत नाही?"

मला हसू आलं.

बाबांनी कानटोपी काढून ठेवली. "चालतंय की. आकडा दिसला नाही, तर फिरायला जायचं नाही. चहा टाक."