मयताच्या पुढं मोटरसायकल

गोविंदाच्या धाकटीचं लग्न झालं, ते साल २००८. त्याच उन्हाळ्यात तो ब्रह्मपुरीच्या सायबर कॅफेत झेरॉक्ससाठी बसला होता. समोर आपल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची वेबसाइट चालवणारा भूपेश होता आणि कोणी गोकुळाबाई त्याला झापत होती.

"माहा भाचा रोज पायते, तुह्या वेबसाइटवर मयताची बातमी उघडतच नाई!"

"बाई, मोटरसायकलची जाहिरात बिघडली. थेच आधी येते अन् गरगर फिरत राह्यते."

"तिच्यापायी आमाले सोयरा मेल्याचं समजलं नाई. त्याच दिवशी आमी तलावात जाळं टाकलं. सुतकात जाळं! आता सोयरे आमच्या घरचं पाणी नाई पेत."

"काढूनच टाकतो मी थे."

"दुकानदार चिडन ना?"

"चिडू दे. त्याले सांगतो, भाऊ, तुही गाडी आमच्या मयताच्या पुढं नाई जात."

"मंग आत्ताच काढ, माह्यासमोर."

"हे पाय बाई, काढली. कसं चटकन उघडलं!"

"आजचं वाच."

भूपेशनं वाचलं. गोविंदा झेरॉक्स तिथंच सोडून उठला आणि त्यानं कोपऱ्यातल्या फोनवरून घरी सांगितलं, "आज जाळं टाकू नका."

गोविंदाचे सोयरे, मार्कंडा गावचे डोमाजी वाघधरे त्याच दिवशी, १४ मे २००८ला, पहाटे वारले होते.