चार ठोक्यांची जागा

माझं माहेर कणकवलीच्या पुढं, आत, एसटी सोडते तिथून पण बरंच चालायला लागायचं असं गाव, आणि लग्न होऊन आले ती थेट या असल्फ्याच्या डोंगरावर. स्थळ सांगताना घाटकोपर सांगितलं होतं, मला वाटलं सपाट असेल. सासरे गिरणीतले, गिरणी गेली तसे वॉचमन झाले. आणि आमचे हे बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचे, हळदी, बारसं, दहीहंडी, काय असेल ते. माझा भाऊ म्हणाला वाजवणारा माणूस आहे, विचार करा. आई म्हणाली वाजवतो ना, पीत तर नाही ना. नाही पीत. तेवढ्यावर झालं लग्न.

मी खाली डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे, पेशंटला नावानं हाक मारायची, पुढच्याला आत सोडायचं. बाहेर रिक्षा, मिक्सर, पोरांचा दंगा, त्यातून माझी हाक शेवटच्या बाकापर्यंत जाते. ओरडत नाही हां मी. नाव नुसतं नीट घ्यायचं, सुटं सुटं, की माणूस बरोबर उठतो. हे मला न्यायला आले की बाहेर उभं राहून ऐकायचे, मला वाटायचं यांना घाई झालीय, पण यांच्या डोक्यात वेगळंच.

मग बँजोचा धंदा बसला. सगळ्यांना डीजे पाहिजे. बाकीचे रडत बसले, हे नाही बसले, जुना कम्प्युटर आणला, माळ्यावर मांडला आणि शिकले. काय सांगू तुम्हाला, माणूस चाळिशीला आलेला आणि पोरासारखा शिकत होता. लोकांना वाटतं बटण दाबलं की गाणं होतं. हे खरा ढोल वाजवून घेतात, खरा ताशा, त्याचं कातडं तापवून. आणि गाणं तयार झालं की तपासायचं कसं, तर आमच्या मांडणीवर. स्टीलची ताटं उभी असतात ना, बेस वाजला आणि ताटं खणखणली की म्हणतात जास्त झाला, परत बसतात. ताटं गप्प आणि पाय मात्र हलायला लागले की झालं गाणं. आजकालची बाकीची गाणी ऐका तुम्ही, छातीत दणका बसतो आणि घरी आल्यावर एक ओळ आठवत नाही. यांचं तसं नाही. बायको म्हणून बोलत नाही मी, ऐकून बघा.

आता तुम्हाला यातली गंमत सांगते. बनवणारा वेगळा आणि नाववाला वेगळा. डीजे लोक गाणं विकत घेतात आणि आपलं म्हणून वाजवतात, सगळ्यांनाच माहितीये, कोण लपवत नाही. म्हणून हे प्रत्येक गाण्यात एक जागा मोकळी ठेवतात. ढोल चढत चढत जातो, एकदम थांबतो, चार ठोके काहीच नाही, तिथे डीजेचं नाव पडणार आणि मग धाडकन सगळं सुरू. ते नाव घेते कोण, तर मी. माळ्यावर गोधडी टांगून आत मला उभी केली आणि म्हणाले, दवाखान्यात हाक मारतेस तशी मार. भांडुपचा डीजे, मानखुर्दचा डीजे, गोरेगावचे दोघं भाऊ, सगळ्यांची नावं घेतली मी.

आणि सगळ्यात जास्त घेतलं ते मुलुंडच्या डीजे निखाराचं. खरं नाव निखिल. मला वहिनी म्हणतो. त्याला काही येत नाही असं लोक बोलतात, मी नाही बोलणार. एकेका मंडळात जाऊन बसतो, अध्यक्षाच्या आईच्या पाया पडतो, कुणाच्या पोराचा वाढदिवस विसरत नाही, केस लाल, टी-शर्ट छापलेले, रोज मोबाईलवर व्हिडिओ. नाव काय झाडाला लागतं का? तो पण घाम गाळतोच, फक्त दुसऱ्या जागी.

पण सासूबाईंना ते पटायचं नाही. त्यांना ऐकायला कमी येत चाललेलं, आणि लेकासाठी एकच धरून बसलेल्या, एकदा माझ्या झिलाचा नाव त्या भोंग्यातसून ऐकूचा आसा माका. मला म्हणायच्या, घोवाचा नाव सोडून साऱ्या जगाची नावां घेतस गो तू. मी हसायचे, पण लागायचं ना. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, उखाण्यात घेतलं असेल लग्नात तेवढंच. आणि यांनी पण कधी म्हटलं नाही की घे.

एका वर्षी यांनी आमच्या मंडळासाठी गाणं केलं. शिमग्याला माझ्या माहेरी पालखी नाचवतात, तो ढोल हे तिथं चार दिवस राहून रेकॉर्ड करून घेऊन आले होते, तो त्यात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोळपाटावर हात तसाच राहिला, रडले मी. म्हटलं हे तरी विकू नका, तुमच्या नावानं द्या. गेले मंडळात. अध्यक्ष भला माणूस, ऐकून म्हणाला, साऊंड एक नंबर हो दादा, पण बॅनरवर काय लिहू? वर्गणी नावावर येते. हे म्हणाले बरोबर आहे. घरी आले आणि मला म्हणाले, चल वर, निखाराचं नाव घ्यायचंय. गेले वर, घेतलं नाव. त्या दिवशी जेवले नाही मी.

आगमनाचा रविवार आला. दुपारी चारचं ऊन, टेम्पोवर निखारा, मागे बाप्पा, गल्ली भरलेली. सासूबाईंना खिडकीत खुर्ची दिलेली आणि मी खाली बायकांत. आणि झालं काय, हे पेनड्राइव्हमध्ये दोन्ही गाणी देतात, नावाचं आणि कोरं. निखाराच्या माणसानं गडबडीत लावलं कोरं. ढोल चढला, चढला, सगळ्यांचे हात वर, थांबला. आणि त्या चार ठोक्यांत काहीच नाही. अख्खी गल्ली हात वर करून उभी. आता मला सवय, ती जागा आली की माझं तोंड आपोआप उघडतं. उघडलं. आणि निखाराचं नाव आलंच नाही हो. यांचं आलं. डीजे नाही, राव नाही, सासूबाई हाक मारतात तसं नुसतं नाव, दवाखान्यातल्या आवाजात.

मग धाडकन ढोल पडला आणि मी पदर तोंडावर घेतला. बायका फुटल्या हसायला. मला वाटलं आता निखारा चिडणार, त्याचा टेम्पो, त्याचा बॅनर. गाणं फिरून परत त्या जागेवर आलं, चूक त्याला कळली होती, नावाचं गाणं लावता आलं असतं. नाही लावलं. कोरंच ठेवलं, आवाज खाली घेतला, दोन्ही हात गल्लीकडे केले, आणि गल्लीनं नाव घेतलं. सगळ्यांनी. लहान पोरांनी पण एकेरीत. मी वर बघितलं तर सासूबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या.

हे टेम्पोच्या मागे उभे होते, शर्टाची कॉलर नीट करत राहिले. घरी आल्यावर मला एवढंच विचारलं, बेस जास्त नव्हता ना? म्हटलं, नव्हता. सासूबाई म्हणाल्या, घेतलंस गो बाय शेवटी. पुढच्या वर्षी त्या गेल्या, पण ऐकून गेल्या.

मोठं नाव झालं असं समजू नका. गाणी अजून निखाराच्याच नावानं जातात, आणि त्याचं भलं होवो, त्याच्यामुळे चूल चालते. पण आमच्या गल्लीसाठी तो दरवर्षी एक कोरं गाणं लावतो, न सांगता.

आता तुम्ही मघापासून विचारताय यांचं नाव काय, नाव काय. घ्या लिहून.

चार ठोके मोकळे ठेवले, भरलं ज्याचं त्याचं नाव,
दिगंबररावांचं घेते आता, ऐकू दे सगळं गाव.

हळू हसा. माळ्यावर बसलेत, कानाला हेडफोन लावून. ऐकू जाणार नाही, म्हणून तर घेतलं.