हलका केलेला कॉम्प्युटर

आटपाडीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, आणि मला कॉम्प्युटर हलका करायची हुक्की आली. होतं ते सगळं पुसलं आणि चार फोटोंच्या जागेत मावणारी, विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली लिनक्स सिस्टीम टाकली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मेंढरं राखणारे बिरूतात्या. नातीच्या हॉस्टेलच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता.

"आवं तात्या, बघा, चुटकीत सुरू झाला."

"बरं हाय. काढ फॉर्म."

मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. प्रिंटर तर ओळखच दाखवीना.

मी म्हटलं, "यात मुद्दामच काय ठेवत न्हाईत तात्या. लागंल तसं आपण घालायचं."

तात्या कागद गोळा करून शेजारच्या दुकानाकडं निघाले.

"आमचं बी बिऱ्हाड एका घोड्यावर मावतं रं. पर भाकरीचा तवा घेतल्याबिगर आमी निघत न्हाई."