उपडं पातेलं

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या हॉलचे मालकसाहेब. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आपले मुख्य आचारीकाका आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू. वाढपी मंडळी, भांडी घासणाऱ्या मावश्या, आणि ज्यांच्या घरची लग्नं या हॉलमध्ये लागली ते सगळे यजमान, सर्वांना नमस्कार.

मी इथल्या ऑफिसात बुकिंग घेते. "चार शब्द बोल" असं मला सांगितलंय. चारात मावणार नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे माइकसमोर उभी राहिलेलीही मीच पहिली. शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत ते माझे बाबा. या हॉलमधलं खरकटं आजवर त्यांनीच उचललं.

काकांच्या हाताला चव आहे, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण मला त्यांच्या भांड्यांबद्दल बोलायचंय.

बुकिंगला येणारा प्रत्येक यजमान मला बजावतो, "शेवटचा पाहुणा जाईपर्यंत भांडी काठोकाठ दिसली पाहिजेत." पाहुणे हात धुऊन निघालेले असतात, सजावटवाला फुलं उतरवत असतो, आणि आम्ही आपले भातावर भात ओततोय! कोणासाठी हो? खुर्च्यांसाठी? पंगत उठली तरी वाढणं थांबत नाही, याला पाहुणचार म्हणायचं की हट्ट?

काकांनी यावर उपाय काढला होता. मोठ्या भांड्याच्या तळाशी एक पातेलं उपडं घालायचं आणि त्यावर भात पसरायचा. वरून पाहणाऱ्याला भांडं शिगोशीग! मालकसाहेब, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, हे आत्ता तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय. माफ करा. पण काका, आता तुम्हाला कोण काढून टाकणार?

एकदा एका नवरीच्या काकांनी डाव खोलवर खुपसला. टण्ण! सगळ्यांनी माना वळवल्या.

"काय हो आचारी, हा आवाज कसला?"

आपले आचारीकाका शांतपणे म्हणाले, "दुहेरी बुडाचं भांडं आहे साहेब. जेवण गरम राहतं."

"वा! मग आमच्या धाकटीच्या लग्नातही हीच भांडी लावा."

हसा, हसा. ते साहेब आज इथे आले असतील तर त्यांनीही हसावं.

पण मला हसू येत नाही, राग येतो. एवढा पट्टीचा आचारी, आणि अन्न वाचवायला त्याला चोरासारखं पातेलं लपवावं लागतं? आणि वाचून वाचतं ते किती? ताटातलं कुठे वाचतं? एक घास खाऊन टाकलेल्या मिठाया, नुसतं बोट लावलेली भाजी, सगळं बाबांच्या पिंपात.

आता घरचं सांगते. पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये माझं लग्न आहे. आणि बाबांना हवेत पाच गोड पदार्थ, तीन भाज्या, आणि भांडी काठोकाठ! मी म्हटलं, "बाबा, तुम्ही? सगळ्या जगानं केलं तरी तुम्ही?"

ते म्हणाले, "लोकांच्या लग्नातलं मी उचललं. माझ्या लेकीच्या लग्नात उरू दे की थोडं. त्या दिवशी दुसरा कोणीतरी उचलेल, मी नुसता बघत उभा राहीन."

यावरचं उत्तर मी रात्रंदिवस शोधत होते. आज इथे येऊन मिळालं. बाबा, तो "दुसरा कोणीतरी" तुमच्याच शेजारी बसलाय. तुमचे जोडीदार, ज्यांना मी मामा म्हणते. त्यांना विचारा, पाठ कशी आहे?

काका, निवृत्तीनंतर एकदाच या. आमचा स्वयंपाक तुम्हीच करा. पातेलं उपडं घालू नका. संपलं की संपलं, तळ दिसू दे. तळ दिसला म्हणजे लोक जेवले, यात कसली लाज?

बाबा, तुम्ही उठलात? जाऊ नका ना... मावशी, जरा थांबवा त्यांना. काय म्हणतायत? मोठ्यानं सांगा, इथे ऐकू येत नाही.

म्हणतायत, "तळ दिसू दे. पण गोड दोन पाहिजेत."

एक, बाबा.

...बरं, दोन. पण दुसरं मागेल त्यालाच वाढायचं, आणि वाढायला तुम्ही उभं राहायचं, पिंपाजवळ नाही.

काका, काकू, या हॉलनं तुम्हाला खूप दमवलं. आता घरी निवांत बसून गरम जेवा. मला बोलू दिलंत याबद्दल सगळ्यांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि बाहेर जेवण लागलंय, जाताना एवढंच करा: आधी थोडं घ्या.