आप्पांचा चार्जर

गड्यांनो, पदरचं एक अक्षर घालत नाही. आमचे सासरे, आप्पा, आटपाडीला मेंढरं राखतात. छातीत दुखून गेल्यावर बायकोनं त्यांच्या मनगटाला ठोके, झोप, पावलं सगळं मोजणारा पट्टा बांधला. कराडला बसून ती मोबाईलवर बघायची. एकदा ठोकेच दिसेनात, फोनही लागेना. बायकोला घेऊन मी गाडी अशी हाणली की मैलाचे दगडसुद्धा बाजूला सरकले.

आप्पा मेंढरांत मजेत उभे, पट्टा खिशात.

"आवं आप्पा, काढला कशाला?" मी ओरडलो.

"बॅटरी लय खातंय. छातीत दुखंल तवा घालायचा म्हणून जपून ठिवलाय."

बायकोनं डोळे पुसत बाकीचं बंद करून नुसते ठोके चालू ठेवले. "आता आठ दिवस चालंल, आप्पा."

आप्पा म्हणाले, "मग चार्जर तूच ने, पोरी. म्हंजी आठ दिसाला यावं लागंल तुला."