वहिनीचं जोतं

मी वैनगंगेच्या काठचा, मार्कंड्याच्या खालच्या अंगाले आमचं गाव. बाप बांबूचे कूड विणे, घराच्या भिंती त्याच्याच, वरून माती लिंपली का झालं घर. मी मात्र विटा-सिमेंटाचा मिस्त्री झालो, आजूबाजूच्या गावांतले घरकुलं बहुतेक माझ्याच हातचे. आता हात कापते, काम सुटलं.

तुम्ही लिहून घेता म्हणून सांगतो, गावात सारे म्हणतात का वहिनीचं घर साहेबानं पाडायले लावलं. वहिनी म्हंजे माझ्या मेलेल्या मोठ्या भावाची बाई. तिले घरकुल मंजूर झालं तवा साहेब मोबाईलात जागेचा फोटो घ्याले आला, अन् तो तर म्हणे, बाई, जुनं घर राहू द्या, मागं परसात बांधा. मीच म्हटलं नाई साहेब. परसात काळी माती, तिथी पाया खोल खोदा लागते, अन् घराखालची जमीन सारवून सारवून गोटा झालेली, तिच्यावर काम लवकर उरकते, मले राजुऱ्याकडचं दुसरं काम धराचं होतं. वहिनी म्हणे, भाऊजी, नवं उभं झाल्यावर पाडू ना. मी म्हटलं, काऊन भेता, दिवाळी नव्या घरात. छपराचे कवेलू मीच उतरवले, बापानं विणलेला कूडही मीच पाडला.

जोतं भरलं अन् सरकारनं नदीवरचा रेतीचा घाट बंद केला, रेती भेटेना. काम तिथीच राह्यलं. वहिनी माझ्या ओसरीवर बकऱ्यांजवळ राहाले आली, पाऊस आला का पोतं पांघरून बसे. एकदा म्हणे, भाऊजी, तुमच्या बकऱ्या चांगल्या, सरकून जागा देते.

यंदाच्या उन्हाळ्यात तिनं बांबू आणले, सिमेंटाच्या जोत्यावर कूड उभा केला. मी बांधाले गेलो तर म्हणे, मिस्त्री, कूड जमते का तुम्हाले?

परवा नवा साहेब आला. रेती आता भेटते, म्हणे, पण हे पाडा, मंग विटांच्या भिंतीचा फोटो, तवाच पुढचा हप्ता. वहिनीनं माझ्याकडं पाह्यलं. भाऊजी, आताही तुम्हीच पाडसान का?

मले काहीच वाटलं नाई, ना रडू ना राग. साहेबाले म्हटलं, परसात बांधतो, खोल खोदतो. तो म्हणे, बाबा, मोबाईलात जोतं इथी दाखवलं हाय, आता जागा बदलत नाई.

साहेब गेला. वहिनीनं मातीचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं, मी तिचा कूड लिंपत बसलो, आताही तिथूनच येऊन राह्यलो. पहिलं घर साहेबानं नाई, मी पाडलं, एवढं लिहा. हा कूड तिच्या जन्माले पुरो.