ताणा कापून केलेली वाट

जबाब, दि. २२/१०/२०२५
पोलीस ठाणे सावरबोडी, जि. भंडारा

माझे नाव सौ. रीता भूपेंद्र हेडाऊ, वय ३६ वर्षे, धंदा हातमागावर विणकाम, राहणार कोष्टीपुरा, बाजार मैदानाच्या मागे, सावरबोडी. ठाण्यातून बोलावणे आल्यावरून मी आज स्वतः हजर झाले असून, बाजार मैदानावरील आगीबाबत विचारपूस केल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती भूपेंद्र व सासू रंभाबाई यांच्यासह राहते. पती चिखला येथे मँगनीज खाणीच्या मालाची खाजगी गाडी चालवतात व आठवड्याने घरी येतात. घटनेच्या दिवशी ते कामावर होते. घरी मी व सासू दोघीच होतो. सासूबाईंचे वय ७१ असून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. भिंत धरून चालतात. आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा आहे. त्या खड्ड्यात त्यांना बसवावे लागते आणि उठवावेही लागते, पण एकदा बसल्या की दिवसभर विणतात.

आमच्या घराचा पुढचा दरवाजा कोष्टीपुऱ्याच्या गल्लीत आणि मागचा दरवाजा बाजार मैदानात उघडतो. दोन्हींच्या मधल्या खोलीत माग आहे. सुताला खळ लावून आम्ही ते मैदानात वाळवतो, मागचा दरवाजा त्यापुरताच वापरतो. मैदानाला चारही बाजूंनी भिंत किंवा घरांच्या पाठी आहेत. जाण्यायेण्यासाठी रस्त्याच्या बाजूने एकच गेट आहे.

आमच्या गावात तीन वर्षांपासून फटाके विकायला मनाई होती. त्याआधी मेन रोडवर किराणा दुकानांपुढे विक्री होत असे, तिथे एकदा आग लागली तेव्हापासून बंद झाली. लोक लाखनीहून फटाके आणत. यंदा व्यापाऱ्यांच्या मागणीवरून नगरपंचायतीने बाजार मैदानावर टिनाची दुकाने लावू द्यायचे ठरवले व लोकांच्या हरकती मागवल्या. मी हरकत घेतली होती, हे खरे आहे. मी सभेत उभी राहून बोलले की आमच्या घरात सूत आहे, सासूला पळता येत नाही आणि मैदानाला दुसरे गेट नाही.

सभेत मेन रोडवरील जनरल स्टोअर्सचे मालक धनीराम पडोळे हजर होते. ते मला म्हणाले, "वहिनी, तीन साल झाले गावचा पैसा लाखनीले जाऊन राहिला. लेकरं फटाके त उडवतेतच. इथं पाण्याची टाकी राहीन, रेती राहीन. मंग तुमाले भेव काहून वाटते?" मी म्हटले, "तुमचं दुकान सण झाला का उठते. माझं घर तिथंच राह्यते." त्यावर लोक हसले. धनीराम हसले नाहीत.

माझ्या बोलण्यावरून दुकाने कमी करून दहाच ठेवण्यात आली आणि आमच्या भिंतीपासून लांब सरकवली गेली. रेतीचे ड्रम आले, पाण्याची टाकी आली. माल दुकानाच्या बाहेर ठेवायचा नाही असे ठरले. भिंत फोडून दुसरे गेट काढण्याचे बोलणे झाले होते, ते सणापर्यंत झाले नाही.

दुकाने लागायच्या आधी धनीराम आमच्या घरी आले होते. वेळ पडली तर लोकांना दुसरी वाट असावी म्हणून चार दिवस मागच्या दरवाजाची कडी काढून ठेवाल का, असे त्यांनी विचारले. सासूबाई मागावरूनच बोलल्या, "हे घर होय, रस्ता नोहोय." धनीराम चहा न घेता गेले.

मैदानावर धनीराम यांचे दुकान रांगेत शेवटचे, म्हणजे आमच्या घराकडून पहिले होते. दुकानावर त्यांची मुलगी खुशबू, वय २०, मदतीला असे. ती पिण्याचे पाणी भरायला आमच्याकडे येई. बापाने घेतला नाही तो चहा सासूबाई तिला पाजत. ती मागाजवळ बसून पाहत राही. एकदा तिने सासूबाईंना विचारले, "आजी, धागा तुटला त का करता?" सासूबाई म्हणाल्या, "गाठ मारतो अन् पुढं जातो. दुसरं का करतीन?" त्यावेळी मागावर दिघोरी येथील एका लग्नाची करवती काठाची साडी होती.

रविवार दि. १९/१०/२०२५ रोजी सकाळी मी सूत वाळवायला मागचा दरवाजा उघडला तेव्हा दरवाजाच्या उजव्या हाताला, आमच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली फटाक्यांच्या पेट्या दिसल्या. त्या धनीराम यांच्या होत्या. मी त्यांना बोलावून दाखवल्या. ते म्हणाले, "रातच्याले माल उतरला वहिनी, दुकानात जागा नाही. दुपारलोक हटवतो." दुपारी गिऱ्हाईक वाढले. मी पुन्हा सांगायला गेले तेव्हा त्यांनी हात जोडले. पेट्या हटल्या नाहीत. हे मी सांगू नये असे मला गल्लीतील दोनतीन जणांनी सुचवले आहे. पण पेट्या तिथे होत्या.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मी सूत गोळा करण्यासाठी मागच्या दरवाजाच्या पायरीवर उभी होते. पायरी उंच असल्याने तिथून गेटपर्यंत दिसते. मैदानात बायका, लेकरे, खूप गर्दी होती. गेटच्या बाहेर रस्त्यावर कोणीतरी रॉकेट लावले. ते वर न जाता आडवे आले आणि गेटजवळच्या पहिल्या दुकानात शिरले. रॉकेट लावणाऱ्याचा चेहरा मला दिसला नाही, म्हणून नाव सांगू शकत नाही. ते दुकान धनीराम यांचे नव्हते. धनीराम यांचे दुकान माझ्यासमोर होते. त्यात त्यावेळी आग नव्हती, आणि खुशबू एका बाईला फुलझड्या बांधून देत होती.

मला दोनदा विचारण्यात आले की खुशबूने गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी काही पेटवले होते का. मी दोन्ही वेळा सांगितले आणि आताही सांगते की नाही. तिच्या एका हातात पुडा होता आणि दुसऱ्या हातात सुतळी. गावात जे बोलले जात आहे ते बोलणारे त्यावेळी मैदानात कुठे होते ते मला माहीत नाही. मी पायरीवर होते.

गेटजवळचे दुकान पेटल्यावर त्यातील माल फुटू लागला. लोक गेटकडे धावले आणि तसेच मागे फिरले, कारण वाट आगीतून होती. पाण्याची टाकीही गेटजवळच होती, तिच्यापर्यंत कोणाला जाता आले नाही. त्यानंतर शेजारचे दुकान पेटले. धनीराम दुकानाच्या फळीवर चढून ओरडले, "मांगं चला! मांगं दरवाजा आहे! हेडाऊच्या घरातून निंघा!" त्यांनी मला विचारले नाही. विचारायला वेळही नव्हता.

मी दरवाजाची दोन्ही कवाडे उघडली. पहिली एक बाई कडेवर मूल घेऊन आत आली आणि मधल्या खोलीत थांबली. मागावरचा ताणा, म्हणजे साडीचे उभे सूत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर असतो. त्याखालून वाकून मी रोज जाते. पण मूल घेतलेल्या, मागून ढकलल्या जाणाऱ्या बाईला जाता येत नव्हते. तिच्या मागे दरवाजात माणसे अडकली.

सासूबाई खड्ड्यात बसलेल्या होत्या. त्यांनी कात्री उचलली. मी म्हटले, "माय, थांबा." त्या म्हणाल्या, "का थांबू? लेकरू दिसत नाही का तुले?" आणि त्यांनी ताणा एका बाजूने कापत नेला. सूत खाली पडले. लोक त्यावरून गेले.

किती माणसे गेली ते मोजलेले नाही. सासूबाई खड्ड्यातूनच सांगत होत्या, "डाव्या हातानं चला बाप्पा, इथं खड्डा आहे. पाय पाहा. लेकराले उचला." एका म्हाताऱ्याची चप्पल राहिली म्हणून तो मागे वळला, तर त्याला म्हणाल्या, "जा न भाऊ, नवी घेजो." मी मागच्या दरवाजात उभी राहून लेकरांना हात धरून आत घेत होते. खुशबू बाहेरून लेकरे उचलून माझ्याकडे देत होती. तिला मी आत ये म्हटले. ती म्हणाली, "आलोच काकू."

मैदान रिकामे होत आले तेव्हा आग धनीराम यांच्या दुकानापर्यंत पोचली होती. घरात धूर भरला. मी सासूबाईंना खड्ड्यातून ओढून पाहिले, पण माझ्या एकटीच्याने त्या उठल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "तू निंघ. भूपेंद्रले सांगजो." काय सांगायचे ते बोलल्या नाहीत. तेवढ्यात धनीराम आत आले. त्यांनी सासूबाईंना पाठीवर घेतले आणि पुढच्या दरवाजाने गल्लीत आणले. मी त्यांच्या मागे आले. खुशबू गर्दीबरोबर पुढे निघाली असेल असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले.

गल्लीत सासूबाईंना ओट्यावर ठेवून धनीराम यांनी खुशबूला हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला त्या पेट्या आठवल्या. त्यांनाही आठवल्या असाव्यात, कारण ते लगेच आत धावले.

खुशबू मागे होती. ती भिंतीजवळच्या पेट्या एकेक करून मैदानाच्या मधोमध ओढून नेत होती. आत सासूबाई आहेत आणि त्यांना उठता येत नाही, हे तिला माहीत होते. बाहेर काढल्याचे मात्र तिला माहीत नव्हते. मी धनीराम यांच्या मागे मागच्या दरवाजापर्यंत गेले तेव्हा आमच्या भिंतीला एकच पेटी उरली होती आणि ती खुशबूच्या हातात होती. ती पेटी पेटली. धनीराम यांनी स्वतःच्या अंगावरचा शर्ट काढून तिच्या हातांवर दाबला आणि तिला उचलून गल्लीत आणले. तिचे डोळे मिटलेले होते, ती शुद्धीवर नव्हती.

आमच्या घराच्या मागच्या छपराचे कवेलू फुटले व दरवाजा करपला. घर उभे आहे. आगीत कोणी दगावले नाही. काही लोक भाजले व काही पडून जखमी झाले, त्यांची नावे दवाखान्यात आहेत.

अॅम्बुलन्स आली तेव्हा खुशबूला व दोन बायकांना भंडारा येथील सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. धनीराम गाडीत चढत असताना लोकांनी त्यांना खाली ओढले. आग यानेच लावली असे म्हणून काहींनी मारले. मी मध्ये पडले, पण माझे कोणी ऐकले नाही. पोलिसांनी त्यांना सोडवून ठाण्यात आणले. तेव्हापासून ते चौकशीसाठी ठाण्यातच आहेत. त्यांचा फोन आगीत गेलेला आहे.

माग, साडी व घराच्या नुकसानीबाबत तक्रार द्यायची आहे काय, असे मला विचारण्यात आले. पेट्या ठेवल्याबद्दल जो काही नियम असेल तो धनीराम यांना लागू करावा, त्याला माझी ना नाही. आग लावल्याचा ठपका मात्र त्यांच्यावर ठेवू नये, कारण ती त्यांनी लावली नाही. मैदानावर फटाक्यांच्या दुकानांना परवानगी देण्यास माझी हरकत होती, आजही आहे. साडीबाबत मी घरी सासूबाईंना विचारले असता त्यांनी, ताणा मी कापला, माझ्यावर तक्रार करशील का, असे म्हटले. तक्रार नाही.

काल मी व सासूबाई खुशबूला पाहायला भंडाऱ्याला गेलो होतो. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. बोटे राहतील असे डॉक्टरांनी सांगितले. सासूबाईंनी तिला चमच्याने दूध पाजले. जवळ बसलेल्या तिच्या आईदेखत तिने काही विचारले नाही. आई औषध आणायला गेल्यावर ती मला म्हणाली, "काकू, खरं सांगा. बाबा गेले न?"

मी म्हटले, बाबा ठाण्यात आहेत, चांगले आहेत. ती म्हणाली, "आई बी हेच सांगते. मंग येत काहून नाही? अन् आई रडते काहून?" आपला बाप आमच्या घरात, धुरात शिरताना तिने पाहिला होता. त्यानंतरचे तिला आठवत नाही. मी शपथ घेतली, सासूबाईंनीही घेतली. तिने तोंड भिंतीकडे केले.

ही गोष्ट मी आज जबाब सुरू असताना ठाणेदार साहेबांना सांगितली. त्यांनी लिहिणे थांबवून धनीराम यांना समोर बोलावले. मी माझ्या मोबाईलवरून खुशबूच्या आईला फोन लावला व तो खुशबूच्या कानाशी धरायला सांगितले. धनीराम यांनी फोन घेतला. ते "बेटा" एवढेच बोलले, आणि पुन्हा "बेटा" म्हणाले. पलीकडून खुशबू काय बोलली ते मी ऐकलेले नाही, म्हणून सांगू शकत नाही. फोन बराच वेळ चालू होता.

एवढेच माझे सांगणे आहे. मी बोलले तसे ते संगणकावर लिहून घेतले, मला मराठीत वाचून दाखवले, मी ऐकले, त्यात माझ्या पदरचे किंवा दुसऱ्याचे काही जास्तीचे नाही. बरोबर आहे म्हणून खाली सही करते.

समक्ष,                                        सही
ठाणेदार, पो. ठाणे सावरबोडी          सौ. रीता भूपेंद्र हेडाऊ